आमलकी व देवदारू : चिकित्सालयाच्या आवारासाठी वृक्षविचार

प्रास्ताविक

चिकित्सालय अथवा छोटी रसशाळा बांधून झाली, की पुढील अंगणात कोणता वृक्ष लावावा असा प्रश्न वैद्यबंधूंकडून आम्हांस वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्यांचे सामान्यतः दोन पक्ष असतात. एका पक्षास फुलणारा व फळणारा वृक्ष हवा असतो. दुसऱ्या पक्षास सरळ उंच जाणारा, बारमाही हिरवा, पाहताच हिमालयाची आठवण करून देणारा सूचिपर्णी वृक्ष हवा असतो. त्यातही 'देवदार हे आपले औषधच आहे, तेव्हा तेच लावू' असा आग्रह असतो.

प्रस्तुत लेखात फळवृक्षांचा प्रतिनिधी म्हणून आमलकी आणि सूचिपर्णी वृक्षांचा प्रतिनिधी म्हणून देवदारू घेऊन, जालना जिल्ह्याच्या भूमीत या दोहोंचा तौलनिक विचार आम्ही करीत आहोत. हा विचार केवळ शोभेचा नाही. सूतिकेस दिला जाणारा देवदार्व्यादि क्वाथ आणि बालकांच्या कासात नित्य वापरले जाणारे तालीसादि चूर्ण यांची गुणवत्ता त्याच्याशी जोडलेली आहे, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

भूमिविचार

चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या प्रथम अध्यायात जांगल, आनूप व साधारण अशा त्रिविध देशांचे वर्णन करताना प्रत्येक देशातील वृक्षही सांगितले आहेत. जांगल देशाच्या वृक्षांत खदिर, असन, धव, शल्लकी, बदरी, तिंदुक, अश्वत्थ, वट यांच्यासमवेत आमलकीचा स्पष्ट उल्लेख आहे. आपला जालना जिल्हा या वर्णनाशी बऱ्याच अंशी जुळतो. जालना शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. पर्जन्यमान साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर, तेही अनिश्चित. वैशाखात पारा ४० अंशांच्या वर जातो. जमीन काळ्या पाषाणापासून झालेली, कोठे खोल काळी, कोठे मुरमाड, बहुतांशी चुनखडीयुक्त व क्षारीय स्वभावाची.

याउलट देवदारूचे जन्मस्थान पश्चिम हिमालय होय. अफगाणिस्तानपासून पश्चिम नेपाळपर्यंत, साधारण १५०० ते ३००० मीटर उंचीच्या पट्ट्यात, जेथे हिवाळ्यात हिमवृष्टी होते तेथे हा वृक्ष स्वभावतः वाढतो. अग्र्यद्रव्यांच्या प्रकरणात चरकाने औषधिभूमींत हिमवंतास श्रेष्ठ म्हटले आहे, ते अशा द्रव्यांमुळेही सार्थ ठरते. मात्र हिमालयाची श्रेष्ठता रोपाबरोबर कुंडीत घालून आणता येत नाही. जालन्याच्या उन्हाळ्यात देवदारूचे रोप जगविण्यासाठी सावली व पाणी यांचा जो खर्च करावा लागेल, त्यातून औषधी मूल्याचे काष्ठ हाती येण्याची आशा धरणे व्यर्थ होय.

येथे एक शंका संभवते. फुलणारे फळझाडच लावावयाचे, तर जिल्ह्याची ओळख असलेली मोसंबी का नको? जालन्याच्या मोसंबीस २०१६ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले आहे आणि तिच्या फुलांचा सुगंध कोणाही वृक्षापेक्षा कमी नाही. परंतु मोसंबीस पाण्याची नियमित पाळी लागते. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील असंख्य मोसंबी बागा वाळल्या व त्या तोडण्याची वेळ शेतकऱ्यांवर आली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. चिकित्सालयाच्या आवारातील वृक्ष अशा वर्षातही तग धरणारा असावा. शिवाय आपल्या चिकित्सेत मोसंबी पथ्य म्हणून येते, कल्पनिर्मितीत तिचा उपयोग अल्पच. आमलकी या दोन्ही कसोट्यांस उतरते.

फूल, फळ व शंकू

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे दोन वृक्ष दोन भिन्न वर्गांतील आहेत. आमलकी ही आवृत्तबीजी, म्हणजे फूल येऊन फळाच्या आत बीज धारण करणारी. देवदारू, सरल, तालीस, हपुषा हे सर्व अनावृत्तबीजी. त्यांना खरे फूल येत नाही व खरे फळही येत नाही. शंकू येतात आणि शंकूच्या खवल्यांवर बीज उघडे असते. ज्यास आपण हपुषाचे फळ म्हणून बाजारातून आणतो, तोसुद्धा मांसल झालेला शंकूच होय. सूचिपर्णी वृक्षांचे परागण वाऱ्याने होते, म्हणून त्यांच्याकडे मधमाश्यांना मध मिळत नाही.

आवळ्याचा क्रम लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. शिशिराच्या अखेरीस बारीक डहाळ्यांसह पाने गळतात. वसंतात नव्या पालवीबरोबर पिवळसर हिरवी, अगदी लहान फुले येतात. एकाच झाडावर नरफुले पुष्कळ व मादीफुले थोडी, अशी व्यवस्था असते. फलधारणा झाल्यावर सूक्ष्म फळ संपूर्ण ग्रीष्मात जवळजवळ निद्रिस्त राहते, पावसाळ्यात वाढीस लागते आणि कार्तिकापासून पुढे पक्व होते. ज्या काळात आपल्याकडे पाणी नसते, त्या काळात हा वृक्ष पाण्याची फारशी अपेक्षाच करीत नाही. जांगल देशाशी असलेले त्याचे सात्म्य ते हेच.

रोपवाटिकेतील 'देवदार'

'देवदार' या नावाने आपल्या भागात प्रत्यक्षात काय मिळते, हे प्रत्येक वैद्याने जाणून घेतले पाहिजे. आम्हांस निरनिराळ्या रोपवाटिकांतून या नावाने पुढील झाडे दाखविण्यात आली आहेत.

पहिले झाड खोटा अशोक, ज्यास आसुपालव असेही म्हणतात. शाळा व कार्यालयांच्या कुंपणालगत उंच सरळ वाढलेले, लांब नागमोडी कडांच्या पानांचे झाड ते हेच. बंगाली भाषेत यासच देवदारू म्हणतात, त्यामुळे नावाचा घोटाळा देशभर आहे. हे सीताफळाच्या कुळातील, फूल येणारे झाड आहे. सूचिपर्णी वृक्षांशी त्याचा काहीही संबंध नाही. याच झाडाची साल खऱ्या अशोकाच्या सालीत मिसळली जाते, हेही औषधनिर्मात्यांनी ध्यानात ठेवावे. एका झाडाने दोन औषधांची फसवणूक होते.

दुसरे सुरू. याच्या हिरव्या काड्या सुयांसारख्या दिसतात व बोंडे शंकूसारखी, म्हणून यास सूचिपर्णी समजतात. वास्तविक तेही फूल येणारे झाड आहे.

तिसरे अरौकारिया, म्हणजे नाताळात सजविले जाते ते झाड. हे खरे सूचिपर्णी आहे, परंतु त्याचे मूळ प्रशांत महासागरातील बेटांवर आहे आणि आपल्या निघंटूंत त्यास स्थान नाही.

चौथे मोरपंखी. मुले 'विद्या' म्हणून ज्याची पाने पुस्तकात ठेवतात ते हे झाड. तेही खरे सूचिपर्णी आहे व आपल्याकडे बऱ्यापैकी तगते. मात्र होमिओपॅथीतील थुजा ज्या झाडापासून करतात ते झाड निराळे, हे ध्यानात घेऊन मोरपंखीची पाने कोणत्याही कल्पात वापरू नयेत.

दक्षिण भारतात आणखी एका झुडपाच्या काष्ठास देवदारू म्हणण्याचा प्रघात आहे. त्यामुळे 'देवदार' हे केवळ नाव औषधखरेदीस पुरेसे नाही. सीड्रस देवदारा या शास्त्रीय नावाचा आग्रह धरणे अगत्याचे आहे.

प्रयोज्यांगाचा विचार

आमच्या मते या तुलनेचा निर्णय ज्या एका मुद्द्यावर होतो तो मुद्दा प्रयोज्यांगाचा होय. आमलकीचे प्रयोज्यांग फळ. फळ घेतले तरी वृक्ष राहतो व पुढील वर्षी पुन्हा फळतो. देवदारूचे प्रयोज्यांग काष्ठसार. सार तयार होण्यास अनेक दशके लागतात आणि ते घ्यावयाचे तर वृक्ष पाडावा लागतो. तालीसाची पाने ओरबाडली की वृक्ष दुर्बल होतो. सरलाचा निर्यास घेण्यासाठी खोडावर घाव घालावे लागतात.

यावरून सरळ नियम निघतो : जो वृक्ष फळ देतो तो अंगणात लावावा, जो वृक्ष आपले सार देतो तो त्याच्या पर्वतावर राखावा आणि त्याचे द्रव्य काटकसरीने, खात्रीपूर्वक घ्यावे. चिपको आंदोलनानंतर १९८१ साली, तेव्हाच्या उत्तर प्रदेशच्या पर्वतीय भागात १००० मीटरपेक्षा अधिक उंचीवरील हिरव्या वृक्षांच्या व्यापारी तोडीस बंदी घालण्यात आली. अशा निर्बंधांचा आपण आदर केला पाहिजे. परंतु खरा माल महाग व दुर्मिळ झाला, की त्याच्या जागी निर्गंध लाकडाचे तुकडे येऊ लागतात, हा व्यवहारही विसरून चालणार नाही.

आमलकीच्या बाबतीत आणखी एक लाभ आहे. चरकाच्या रसायनाध्यायातील तृतीय पादाचे नावच 'करप्रचितीय' आहे, अर्थात हाताने खुडलेल्या आवळ्यांविषयीचा. त्यात आवळ्याच्या चूर्णास माघ अथवा फाल्गुन मासात आवळ्याच्याच स्वरसाच्या एकवीस भावना देण्यास सांगितले आहे. जमिनीवर पडलेली, पोत्यांत दबलेली, चार दिवसांच्या प्रवासाने काळवंडलेली फळे यासाठी उपयोगी नाहीत. अंगणात आवळा असणाऱ्या वैद्यास हे रसायन यथाशास्त्र करता येते. बाजारातील आवळकाठीवर विसंबणाऱ्यास ते अवघड जाते.

एकाने दुसऱ्याचे कार्य होत नाही

आम्ही आमलकीच्या लागवडीचा पुरस्कार करीत असलो, तरी चिकित्सेत देवदारूची आवश्यकता कमी होत नाही. आमलकी लवणवर्जित पंचरसात्मक, अम्लप्रधान, शीतवीर्य, मधुरविपाकी, त्रिदोषहर व विशेषेकरून पित्तशामक. चरकाने वयःस्थापन द्रव्यांत तिला श्रेष्ठत्व दिले आहे. देवदारू तिक्तरसात्मक, लघु, स्निग्ध, उष्णवीर्य, कटुविपाकी व कफवातशामक. त्याची गणना स्तन्यशोधन व अनुवासनोपग महाकषायांत आहे. देवदार्व्यादि क्वाथात, रास्नासप्तकात जे कार्य देवदारूने अपेक्षित आहे, ते अन्य कोणत्याही पांढऱ्या लाकडाच्या भुश्श्याने होणार नाही. सूतिकेस काढा देऊनही अपेक्षित लाभ न दिसल्यास निदानाबरोबर द्रव्याचीही तपासणी करावी, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.

तालीसाच्या बाबतीत प्रश्न केवळ निष्फळतेचा नाही. औषधिकोशानुसार तालीसपत्र म्हणजे एबीज वेबियाना या वृक्षाची पाने. बाजारात त्याऐवजी टॅक्सस या हिमालयीन वृक्षाची पाने येतात. त्यांत हृदयावर विषारी परिणाम करणारी टॅक्सीन नावाची द्रव्ये असतात. याच जातीच्या वृक्षांपासून कर्करोगावरील टॅक्सॉल मिळते. अतितोडीमुळे हिमालयीन टॅक्सस संकटात आला असून, साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराने त्याच्या व्यापारावर नियंत्रण आहे. बालकाच्या कासासाठी दिलेल्या चूर्णात असे द्रव्य जाणे कोणत्याही औषधनिर्मात्यास परवडणारे नाही.

खरेदीच्या वेळी करावयाचे परीक्षण

पुढील परीक्षणास फक्त दहा पट मोठे दाखविणारे भिंग, धारदार चाकू आणि थोडे पाणी लागते.

१. देवदारूचे भरड चूर्ण कधीही घेऊ नये, काष्ठाचे अखंड तुकडे घ्यावेत. सार पिवळसर ते तपकिरी असते, ताज्या कापास तेलकट स्निग्धता व तीव्र सुगंध असतो. तुकडा तासून, कोमट पाण्यात टाकून पुन्हा हुंगावा. पांढरट व निर्गंध तुकडे परत करावेत.

२. तुकड्याचा आडवा काप गुळगुळीत करून, ओला करून भिंगाखाली पाहावा. सूचिपर्णी वृक्षांच्या काष्ठात जलवाहिन्यांची छिद्रे नसतात. वार्षिक वलये दिसतात, परंतु पृष्ठभाग एकजिनसी भासतो. खोटा अशोक व अन्य फुलझाडांच्या काष्ठात बारीक छिद्रे विखुरलेली दिसतात. देवदारूत क्वचित जखमेमुळे झालेल्या राळनलिकांची एखादी ओळ दिसते, तिला छिद्रे समजू नये.

३. जलवाहिन्यांच्या छिद्रांच्या अभावावरून देवदारू व चीड यांतील भेद कळत नाही, कारण दोन्ही सूचिपर्णी. तेथे गंधही पाहावा. चिडाच्या काष्ठास टर्पेंटाइनचा वास येतो. खात्री न झाल्यास तज्ज्ञाकडे नमुना पाठवावा.

४. तालीसपत्राचा चुरा न घेता डहाळीसह पाने मागवावीत. खऱ्या तालीसाच्या पानाचे टोक किंचित दुभंगलेले असते, खालच्या बाजूस मध्यशिरेच्या दोन्ही अंगांस पांढरट पट्टे असतात, पान गळून पडल्यावर डहाळीवर वर्तुळाकार खूण राहते आणि चुरडल्यास राळेचा गंध येतो. टॅक्ससचे पान टोकदार, खालून पिवळसर हिरवे असते. त्यात राळनलिका नसल्यामुळे राळेचा गंध येत नाही.

५. प्रत्येक खरेदीचा मूठभर नमुना काचेच्या बरणीत दिनांक, विक्रेता व शास्त्रीय नाव लिहून जपून ठेवावा. देयकावर शास्त्रीय नाव लिहून घ्यावे. जे विक्रेते ते लिहून देण्यास तयार नसतात, त्यांच्याशी व्यवहार करू नये.

शंका राहिल्यास छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग किंवा जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे अध्यापक यांचे साहाय्य घ्यावे.

आमलकीची लागवड

आवळ्याची दोन झाडे लावावीत आणि ती दोन वेगळ्या जातींची असावीत. एकाच जातीच्या परागाने आवळ्यात फलधारणा समाधानकारक होत नाही. कांचन, कृष्णा, नरेंद्र आवळा-७, चकैया या जातींपैकी कोणत्याही दोन निवडता येतील. अंगणात एकच झाड लावून 'फुले येतात, फळ धरत नाही' अशी तक्रार करणाऱ्यांनी प्रथम हे कारण तपासावे.

उन्हाळ्यात एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तापू द्यावा. मृगाचा पाऊस झाल्यावर शेणखत व माती यांनी भरून कलम लावावे. दोन झाडांत सात ते आठ मीटर आणि भिंतीपासून किमान चार मीटर अंतर ठेवावे. मुरमाड व मध्यम जमीन उत्तम, किंचित क्षारीय जमीनही चालते. पाणी साचणाऱ्या खोल काळ्या जमिनीत मात्र निचऱ्याचा चर काढल्याखेरीज लावू नये. कलमाच्या जोडाखाली फुटणारे खुंटाचे फुटवे वेळोवेळी काढावेत, अन्यथा काही वर्षांनी रानआवळाच हाती राहतो.

पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी पाणी द्यावे व आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. कलमास तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून फळे दिसू लागतात. पूर्ण वाढलेल्या झाडापासून ५० किलो व त्याहून अधिक फळ मिळू शकते. लहान चिकित्सालयाच्या च्यवनप्राशास, ज्यात मूळ पाठानुसार पाचशे आवळे लागतात, मोरावळ्यास व आवळकाठीस इतके पुरेसे होते. जालन्यातील खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राकडून लागवडीविषयी मार्गदर्शन घेता येईल.

सूचिपर्णी वृक्षाची बाजू

सूचिपर्णी वृक्षांवर अन्याय होऊ नये म्हणून त्यांचे गुणही सांगितले पाहिजेत. ते बारमाही हिरवे असतात. आवळा शिशिराच्या अखेरीस उघडा पडतो, त्या वेळी मोरपंखीची रांग रस्त्यावरची धूळ अडविते व आडोसा देते. फळांचा सडा पडत नाही, त्यामुळे रुग्ण बसतात त्या भागात स्वच्छता सोपी जाते. ज्यांना एवढाच हेतू साध्य करावयाचा आहे, त्यांनी मोरपंखी अवश्य लावावी, उन्हाळ्यात तिला पाणी द्यावे आणि तिच्याकडून औषधाची अपेक्षा करू नये. अरौकारिया मोठे होते, म्हणून ते विजेच्या तारांखाली किंवा इमारतीस खेटून लावू नये. चिकित्सालयाच्या आवारात खोट्या अशोकावर 'देवदारू' अशी पाटी लावणे मात्र टाळलेच पाहिजे. विद्यार्थी व रुग्ण वैद्याच्या अंगणातील पाटीवर विश्वास ठेवतात.

समारोप

सारांश, जालन्याच्या जांगल भूमीत आमलकी ही अंगणाची, तर देवदारू हिमालयाचा. पहिलीची आपण लागवड करावी, दुसऱ्याची ओळख करून घ्यावी. देवदाराचे रोप जगविण्यावर जो खर्च व्हावयाचा, त्यात एक चांगले भिंग, काही काचेच्या बरण्या आणि खात्रीच्या विक्रेत्याकडील खरे काष्ठ येते. येत्या मृगात प्रत्येक सभासदाने आपल्या आवारात आवळ्याची दोन भिन्न जातींची कलमे लावावीत आणि तत्पूर्वी आपल्या औषधिभांडारातील देवदारू व तालीसपत्र यांचे वर सांगितल्याप्रमाणे परीक्षण करावे, अशी आमची नम्र सूचना आहे.

इत्यलम्।